ठाकरवस्तीतली सोबत

चाकणच्या कंपन्यांच्या भिंती संपल्या की डोंगराकडे एक कच्चा रस्ता वळतो. गाडी अर्ध्यावरच लावावी लागते, पुढे चढ पायीच. वर ठाकरांची वस्ती आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सगळ्या घरांची दारं ओढून घेतलेली होती. अंगणात नाचणी वाळत घातली होती, चुलींचा धूर येत होता, म्हणजे माणसं घरातच होती. मी हाका मारल्या. कुणी आलं नाही.

मी निगडीला राहते. आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरी करते. तोवर माझं सगळं काम म्हणजे कुठे काय कमी आहे ते टिपणं. बाळाचं वजन कमी, बाईचं रक्त कमी, लस राहिलेली. या वेळचा अभ्यास वेगळा होता. आदिवासी वस्त्यांमधली माणसं कशाच्या बळावर तगून राहतात, त्यांच्याकडे काय चांगलं आहे, ते त्यांनाच बरोबर घेऊन शोधायचं होतं. मी मोठ्या हौसेनं हे काम मागून घेतलं होतं, आणि वस्तीनं तर दार लावून घेतलं.

शेवटी एक वयस्कर बाई बाहेर आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर गोंदण. वस्तीतले लहानथोर सगळे त्यांना मामी म्हणत, पुढे मीही म्हणू लागले.

"वजनकाटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाही आणला."

"मंग रगात काढनार?"

"नाही, मामी. नुसतं बोलायचंय."

त्यांनी मला ओट्यावर बसवलं. पाण्याचा तांब्या घेऊन एक मुलगी आली. दोन वेण्या, भरलेले गाल, गुडघ्याला खरचटलेलं. झाडावरून नुकतीच उतरली असावी. मामींनी तिला माझ्यासमोर उभं केलं.

"ही वळखली का?"

मी नाही म्हटलं.

"वळखायला पायजे. समद्या तालुक्याला माहीत हाय ही."

मग त्यांनी सांगितलं. ही त्यांची नात. रांगत होती तेव्हा तिला हगवण लागली होती आणि चार-पाच दिवसांत पार वाळून गेली होती. नेमकी तेव्हाच पाहणी करणारी माणसं आली. त्यांनी तिला उघडीच काट्यावर ठेवली, फोटो काढला आणि निघून गेली. पोर बरी झाली, धावायला लागली. पुढे काही वर्षांनी मामींची सून तिला घेऊन चाकणला आरोग्य शिबिराला गेली. तिथे फाटकावर हा एवढा मोठा फलक, आणि त्यावर तिचीच पोर. बरगड्या दिसताहेत, मागे स्वतःच्याच घराचा कूड. पोरीनं वर बघून विचारलं, "आये, ते बाळ मेलं का?"

"सून घरी आली ती बोलंच ना," मामी म्हणाल्या. "म्हनली, मी पोरीला उपाशी ठेवली व्हती का? लोक तेच म्हनत असत्याल. तवापासून कोनी आलं की आमी दारं लावतो."

ते फोटो काढणारे कोण होते ते मला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हातात होते तसेच कागद मीही वागवले होते.

मी परत परत गेले. वस्तीनं बैठक घेतली, आणि आमचं काय चालेल, काय नाही ते त्यांनी ठरवलं. फोटो नाही. लिहाल ते आधी वस्तीत वाचून दाखवायचं, आम्ही व्हय म्हटल्याशिवाय खाली न्यायचं नाही. आणि घरोघर विचारायला आमच्यातलीच माणसं जातील, तुम्ही शेजारी बसायचं. संस्थेतल्या आमच्या सरांनी हे सगळं मान्य केलं. विचारायला जाणाऱ्या दोघी म्हणजे मामी आणि त्यांची सून.

सून तिशीच्या आतबाहेरची असेल. चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेक्यावर. शिफ्ट, ओव्हरटाइम, सुपरवायझर असे शब्द तिच्या तोंडी सहज यायचे, आणि बिहारकडच्या बायकांबरोबर काम करून हिंदीही झकास आली होती. सगळ्या नखांना नेहमी रंग लावलेला असायचा. हसायला लागली की आधी डोळे मिटायचे, मग आवाज यायचा.

आमच्या कागदावरचा पहिला प्रश्न होता, 'तुमच्या समुदायाची सामर्थ्ये कोणती?' मी तो वाचून दाखवला तेव्हा ती अशीच हसली.

"ताई, सामर्थ्य म्हंजी काय शिनेमातलं हाय का? कोन काय सांगंल?"

"मग कसं विचारायचं?"

तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटा ठेवला. मग म्हणाली, "वंगाळ दिस आलं तवा तुमच्या दारात कोन आलं, असं इचारू."

तोच प्रश्न आम्ही घरोघर विचारत फिरलो. तिला सुट्टी असे त्या दिवशी मी सकाळीच वर जायची. दुपारी कुणाच्या तरी घरी भाकरी आणि रानभाजी. टाकळा, कुर्डू, भारंगी, दिवस असतील तशी करटुली. मामी विचारायच्या, सून बोलतं करायची, मी लिहायची. उत्तरांत एक शब्द सारखा यायचा, सोबत. बाईचे दिवस भरत आले की दुसरी कुणी तरी तिच्या घरी निजायला जाते, सोबतीला. रानातली पहिली भाजी अंगावर पाजणारीच्या घरी जाते. आईला दूध नसेल तर शेजारीण बाळाला पाजते, आणि त्याचं कुणी बोलून दाखवत नाही.

एका बाईचं मूल तापानं गेलं होतं. ती सांगत होती, "मला जेवान जाईना. तर ह्या समद्या माज्या घरात यिऊन जेवायच्या. ताटं घिऊन. मला खा म्हनायच्या न्हाईत. नुसत्या जेवायच्या. मंग एक दिस मीच हात घातला ताटात." हे सांगताना तिनं मामींच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. माझं लिहिणं तिथेच थांबलं.

माझी आई काळेवाडीला राहते. वडील मराठवाड्यातून पिंपरीच्या एका कंपनीत आले, तेव्हापासून तिथेच. शनिवारी मी तिच्याकडे जाते. तिला हे सगळं सांगत असायची. सोबतीचं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कोण होतं गं माय. तुझा भाऊ झाला तवा तुझे पप्पा शिफ्टला गेलते. खोलीत मी अन् तू. तुलाच म्हणले, जा बाई, शेजारची काकू हाय का बघ. त्या काकूचं नावबी ठावं नव्हतं मला."

तो भाऊ राहिला नाही. ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विषय काढला नाही. मेथी निवडून झाली तरी ती काड्या चिवडत बसली होती.

त्याच सुमारास सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मुलीनंतर बऱ्याच वर्षांनी. तिचा नवरा खडीच्या गाडीवर होता, तो खुशीत होता, नात तर वस्तीभर सांगत सुटली होती. सातव्या महिन्यापर्यंत ती पॅकिंगला जात राहिली. उभ्यानं काम. पाय सुजायला लागले. मामी तेल चोळून द्यायच्या. पुढे तोंडावरही सूज दिसायला लागली, डोकं दुखायला लागलं, तेव्हा मामी तिला सक्तीनं दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे सांगितलं की तपासणीच्या वारी या. त्या वारी गेल्या तर डॉक्टर दुसरीकडे ड्यूटीला. वस्तीवर येणाऱ्या नर्सची बदली झाली होती, तिच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. मी आमच्या सरांना सांगितलं, सरांनी वरच्या अधिकाऱ्यांना फोन केले. "बघतो," असं उत्तर मिळालं. तिनं कंपनी सोडली. वस्तीतल्या बायका पाळीपाळीनं तिच्याकडे निजायला जाऊ लागल्या. दिवस अजून भरले नव्हते, पण मामी म्हणाल्या, हिला लवकरच सोबत लागंल.

ते झालं त्या दिवशी मी वस्तीतच होते. दुपार कलली होती. ती आतल्या खोलीत पडली होती, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत होती. मी बाहेर एका म्हाताऱ्याशी बोलत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि सोबतीची बाई ओरडली. आम्ही आत गेलो तर तिला झटके येत होते.

पुढे बायकांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. कुणी कुणाला हुकूम दिला नाही. एकीनं तिला कुशीवर वळवलं, दुसरीनं दातांत पदराचा बोळा दिला, तिसरी घोंगडी आणि बांबू घेऊन आली. घोंगडीची झोळी करून चौघींनी बांबू खांद्यावर घेतला आणि उतार उतरायला लागल्या. नातीला एका शेजारणीनं कडेला धरून ठेवलं. मी पुढे पळत फोन लावत होते. रुग्णवाहिका निघाली आहे, म्हणाले. आम्ही माझ्या गाडीपाशी पोचलो तरी ती आली नव्हती. मग तिला माझ्याच गाडीत मागच्या सीटवर घेतलं. तिचं डोकं मामींच्या मांडीवर.

शिफ्ट सुटायची वेळ होती. मोठ्या रस्त्याला लागलो आणि अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, मधल्या फटीतून शिरणाऱ्या मोटारसायकली. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. एका बसमधून दोन पोरं उतरली आणि पुढे पळत जाऊन गाड्या बाजूला घ्यायला लावू लागली. "ओ भाऊ, पेशंट आहे, घ्या राव बाजूला!" त्यांच्यामुळे आम्ही थोडं थोडं सरकत होतो. मागून मामींचा आवाज येत होता, "आलं गं बाय, आलंच. डोळं उघड."

पहिल्या दवाखान्यात त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि पिंपरीला न्या म्हणाले, इथे सोय नाही. तिथून त्यांच्या रुग्णवाहिकेतून नेलं. पिंपरीला पोटातून बाळ काढलं. मुलगा. लहान होता, पण रडला. ती शुद्धीवर आलीच नाही.

रक्तदाब फार चढला होता, ती गेली, असं डॉक्टरीण बाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मामी भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. तिचा नवरा नुकताच धावत पोचला होता, अंगभर खडीची धूळ. तो एकेकाकडे बघत होता आणि "पर सकाळी तर च्या पिली माज्यासंगं," एवढंच म्हणत होता.

मला आठवतं, मामींनी माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, आमच्याकडनं काय ऱ्हायलं?"

"काही नाही, मामी. तुमच्याकडून काहीच राहिलं नाही."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या येईल त्याला हेच विचारत होत्या.

तिला वस्तीतच नेलं. बाळ काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी आलं. वस्तीत एकीचं मूल दुधावर होतं, तिनं याला उचललं आणि अंगाला लावलं. माझ्या आईनं जुन्या साड्या कापून दुपटी शिवली, मऊ, दुहेरी टाक्यांची. मला देताना म्हणाली, "त्या मामीला सांग, लेकराला घट्ट गुंडाळून ठिवा म्हणावं." एवढं बोलली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडी नव्हतीच घासायची.

अभ्यासाचं लिखाण तोवर होत आलं होतं. बाळंतिणीला सोबत, दूध पाजणं, दुःखात जेवायला येणं, सगळं त्यात होतं. मला ते उघडवेना. वस्तीतल्या बायका एकमेकींना कशा जपतात, हे मी कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर वाचणार होते? सर म्हणाले, "त्यांना आत्ता त्रास देऊ नको. आणि त्यांना नको असेल तर हा प्रसंग लिहायलाही नको. त्यांना विचार."

मी मामींना विचारलं. त्या बाळाला मांडीवर थोपटत होत्या.

"वाचायचं ठरलं व्हतं ना? मंग वाचा."

एका रविवारी सगळे जमले. मी वाचत गेले. ज्या पानावर सुनेनं सुचवलेला प्रश्न होता तिथे मी अडखळले, तेव्हा शेजारच्या एका शाळकरी मुलीनं कागद घेऊन पुढचं वाचलं. संपल्यावर मामी म्हणाल्या, "समदं खरं हाय. पर अर्धंच हाय."

"म्हणजे?"

"आमी तिला रस्त्यापत्तुर नेली. तिथपत्तुर आमचं. तिथनं म्होरं कोनाचं व्हतं? ते बी लिवा. न्हाईतर लोक म्हनत्याल, ह्या बाया लय हुशार, ह्यांचं ह्याच करत्यात, ह्यांला काय द्याची गरज न्हाई."

ज्या बाईचं मूल तापानं गेलं होतं, ती म्हणाली, "आन् तिचं नाव घालू नगा. पर ती व्हती म्हनून लिवा. प्रश्न तिनं काढला व्हता म्हनून लिवा."

मग आम्ही पुन्हा बसलो. वस्ती काय करते त्याच्यापुढे, तिथून पुढे कुणी भेटायला हवं होतं ते लिहीत गेलो. नर्स. तपासणी. रस्ता. कंपनीत पोटुशी बाईला बसायला स्टूल. स्टुलाचं तिच्या नवऱ्यानं सांगितलं, आणि सांगून उठून गेला.

हे लिखाण आम्ही आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे मांडलं. मामी आणि आणखी दोघी आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. ऐकणारी माणसं वाईट नव्हती. एका बाईंनी डोळे पुसले. एक साहेब म्हणाले, "फारच प्रेरणादायी आहे हो. शहरातल्या लोकांनी शिकावं असं." मामींनी त्यांना विचारलं, "मंग नर्स कवा यील?" साहेबांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं, त्यानं काहीतरी टिपून घेतलं. चहा झाला. परतताना गाडीत मामी खिडकीबाहेर बघत होत्या. चाकणच्या अलीकडे म्हणाल्या, "आयकलं तर खरं त्यांनी."

नर्स आली, काही महिन्यांनी. चांगली आहे, चढ चढून येते. रस्ता आहे तसाच आहे. कंपनीचं मला माहीत नाही.

आमच्या संस्थेला पुढचं काम दुसऱ्या जिल्ह्यात मिळालं. वस्तीवर जायचं काही कारण राहिलं नाही, तरी मी मध्येमध्ये जाते. गेल्या खेपेला गेले तर मामी घरी नव्हत्या. डोंगरापलीकडच्या वस्तीत कुणाला तरी सोबत करायला गेल्या होत्या. नात आता उंच झाली आहे. तिनं चहा केला. बाळ चालायला लागलं होतं. दूध पाजणाऱ्या बाईच्या मागे मागे तिचा पदर धरून अंगणभर फिरत होतं आणि तिला आये आये म्हणत होतं.

संध्याकाळच्या आधी मामी परत आल्या. थकल्या होत्या. ओट्यावर पाय पसरून बसल्या. मी बाळाकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.

"तिलाच आय म्हनतो," त्या म्हणाल्या. "आमी काय बोलत न्हाई. म्हनू दे. मोठा झाल्याव सांगू, तुजी आय दुसरी व्हती."

"काय सांगाल?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग एकेक सांगायला लागल्या. नखं रंगवायची. कुर्डूची भाजी तिला आवडायची न्हाई, गुपचूप पोरीच्या ताटात टाकायची. लगीन होऊन आली तेव्हा रडायचीच, मग एकदा म्हैस तिच्या अंगावर आली आणि ती मामींना चिकटली, तेव्हापासून रडायची थांबली. सांगता सांगता त्या थांबल्या. "एवढंच येतंय ध्यानात," म्हणाल्या. "लय दिस ऱ्हायली आमच्यात, आन् एवढंच."

मग मी त्यांना सांगितलं. दिवस जाण्याआधीची गोष्ट. त्या दिवशी मी मोटार न आणता स्कूटर आणली होती, आणि दुपारी आम्ही दोघी पलीकडच्या वाडीवरून तिच्यावरून येत होतो. तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, मला चालवायचीय. खाली कंपनीच्या नव्या प्लॉटवर सपाट मोकळी जागा होती. मी मागे बसले. पहिल्यांदा गाडी नुसती हिसकली. मग ती सुटली ती ओरडतच, मोठमोठ्यानं, गोल गोल, धूळ उडवत. मी "ब्रेक लाव, ब्रेक!" म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. उतरल्यावर म्हणाली, "ताई, मामींना सांगू नगा हां. म्हनत्याल, सून येडी झाली."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "गाडी चालवली? तिनं?"

"हो."

"पडली न्हाई?"

"नाही पडली."

त्या हसल्या, तोंडावर पदर घेऊन. हसताना खांदे हलत होते, आणि ते हलायचे थांबेनात. आतून नात आली आणि काय झालं विचारायला लागली. त्यांनी तिला जवळ ओढून बसवलं आणि मला खूण केली, तिला पण सांगा.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.